जमैकाचा युवक फुटबॉल संघ आणि बुलढाणा जिल्हा : क्रीडारचनेची एक तुलना

२०११ साली कॅरिबियन समुद्रातील जमैका ह्या बेटावर जी जनगणना झाली, तीत तेथील लोकसंख्या सुमारे २६ लक्ष ९८ हजार भरली. त्याच वर्षीच्या भारतीय जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लक्ष ८६ हजार होती. जमैकाचे क्षेत्रफळ १०,९९१ चौरस किलोमीटर आहे, तर बुलढाण्याचे ९,६६१ चौरस किलोमीटर. जमैकाचे प्रशासकीय विभाग, ज्यांना तेथे पॅरिश म्हणतात, १४ आहेत. बुलढाण्याचे तालुके १३ आहेत. आकारमान व मनुष्यबळ ह्या दोन्ही दृष्टींनी इतके साम्य असलेले दोन प्रदेश पृथ्वीच्या दोन टोकांस सापडणे हा केवळ योगायोग होय. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तो उपयुक्त योगायोग आहे.

त्याच २०११ च्या जून महिन्यात जमैकाचा १७ वर्षांखालील मुलांचा संघ मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत उतरला होता. जपानकडून त्याचा १–० असा व अर्जेंटिनाकडून २–१ असा पराभव झाला आणि फ्रान्सशी त्याने १–१ अशी बरोबरी साधली. संघ पहिल्या फेरीतच बाहेर पडला हे खरे. तथापि कोट्यवधी लोकसंख्येच्या देशांशी सव्वीस-सत्तावीस लक्षांच्या बेटावरील मुले एकेका गोलाच्या अंतराने झुंजली, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. उलटपक्षी बुलढाणा जिल्ह्यातील त्याच वयाच्या शाळकरी मुलाचे फुटबॉलचे वर्ष बहुधा एकदोन सामन्यांतच संपते. हा भेद कशामुळे पडतो? रक्त, हवामान, संपत्ती, लोकसंख्या अशी नाना कारणे लोकव्यवहारात सांगितली जातात. त्यांपैकी कोणते कारण कसोटीस उतरते आणि कोणते उतरत नाही, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. वयोगटाचा संघ म्हणजे काय

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने युवकांची पहिली जागतिक स्पर्धा १९७७ साली ट्युनिशियात भरविली. ती २० वर्षांखालील खेळाडूंची होती. त्यानंतर १९८५ साली चीनमध्ये १६ वर्षांखालील मुलांची स्पर्धा झाली व १९९१ पासून तिची वयोमर्यादा १७ वर्षे करण्यात आली. आरंभी ह्या कनिष्ठ स्पर्धेत १६ संघ असत. २००७ पासून ते २४ झाले, आणि २०२५ साली कतारमध्ये ४८ संघ खेळले.

ह्या स्पर्धांत कॅरिबियन देशांची हजेरी तुरळक असली तरी ती त्यांच्या आकाराच्या मानाने लक्षणीय आहे. क्यूबाने १९८९ व १९९१ साली, जमैकाने १९९९ व २०११ साली, त्रिनिदाद व टोबॅगोने २००१ साली यजमान म्हणून व पुन्हा २००७ साली, तर हैतीने २००७, २०१९ व २०२५ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत भाग घेतला. जमैकाचा २० वर्षांखालील संघ २००१ साली अर्जेंटिनात खेळला.

वयोगटाच्या संघाचे प्रयोजन केवळ विजय मिळविणे हे नसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला परक्या मैदानावर, अपरिचित प्रतिस्पर्ध्यासमोर, निर्णय घेण्याची सवय लावणे हे त्याचे खरे कार्य होय. ही सवय सरावाने अंशतः लागते. पूर्णत्वाने ती सामन्यांनीच लागते. ह्या विधानावरच पुढील तुलना आधारलेली आहे.

वयोगट म्हटला की वयाचा पुरावा आला. ह्या स्पर्धांत वय १ जानेवारीपासून मोजले जाते. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुले आपल्याच गटातील डिसेंबरच्या मुलांहून जवळजवळ एका वर्षाने मोठी असतात आणि निवडीत त्यांचे प्रमाण अधिक आढळते. क्रीडाशास्त्रात ह्यास सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालतेवेळी नेमकी जन्मतारीख ठाऊक नसल्यास १ जून ही तारीख लिहून टाकण्याचा परिपाठ दीर्घकाळ चालत आला. जन्मनोंदणी सुधारल्यापासून तो मागे पडत चालला असला, तरी दाखल्यावरील वय व शरीराचे वय ह्यांत अंतर पडण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. २००९ पासून जागतिक स्पर्धेत मनगटाच्या हाडांची चुंबकीय प्रतिमा घेऊन वयाची पडताळणी होते. अशा वेळी प्रामाणिक मुलाचे नुकसान टाळावयाचे, तर जन्माची अचूक नोंद ही क्रीडाविकासाचीही पहिली पायरी ठरते.

२. जमैकातील शालेय फुटबॉलची रचना

जमैकाच्या युवक संघाचा उगम शोधू गेल्यास तो राष्ट्रीय संघटनेच्या कचेरीत सापडत नाही. तो माध्यमिक शाळांत सापडतो. तेथील आंतरशालेय क्रीडासंघटना दोन मोठ्या स्पर्धा चालविते. राजधानी किंग्स्टन व तिच्या परिसरातील शाळांसाठी मॅनिंग चषक आहे. राजधानीबाहेरील ग्रामीण शाळांसाठी १९५० पासून डाकोस्टा चषक आहे. ह्या दोन स्पर्धांचे विजेते ऑलिव्हिये ढालीसाठी परस्परांशी खेळतात. ही ढाल १९०९ पासूनची आहे. मॅनिंग व ऑलिव्हिये ही दोन्ही नावे तत्कालीन ब्रिटिश गव्हर्नरांची आहेत. ह्यावरून वसाहतकाळात रुजलेली संस्था स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६२ नंतरही, लोकांनी आपली म्हणून कशी जोपासली ते दिसून येते.

ह्या रचनेत दोन वैशिष्ट्ये आहेत. पहिले असे की, स्पर्धेचा आरंभ गटवार साखळीने होतो. सप्टेंबरात शाळा उघडली की सामने सुरू होतात आणि वर्षअखेरपर्यंत चालतात. पहिला सामना हरलेल्या संघासही पुढील सामने खेळावयास मिळतात. दुसरे वैशिष्ट्य असे की, ग्रामीण शाळांना स्वतंत्र चषक असल्याने राजधानीतील साधनसंपन्न शाळांच्या भाराखाली त्या दडपून जात नाहीत. ग्रामीण विजेत्याची प्रतिष्ठा स्वतंत्र असते, आणि वर्षाच्या शेवटी शहरी विजेत्याशी तो समान पातळीवर उभा राहतो. ह्या सामन्यांना माजी विद्यार्थी व गावकरी आवर्जून जातात, वृत्तपत्रे त्यांचा वृत्तांत देतात, आणि शाळेचा संघनायक गावात ओळखला जातो.

ह्या व्यवस्थेचे फलित १९९८ साली जगाच्या नजरेस आले. त्या वर्षी जमैकाचा ज्येष्ठ संघ फ्रान्समधील विश्वचषक स्पर्धेस पात्र ठरला आणि तेथे त्याने जपानला २–१ असे हरविले. किंग्स्टनच्या वोल्मर्स शाळेतून पुढे आलेला रिकार्डो गार्डनर त्या वेळी अवघा १९ वर्षांचा होता.

तथापि ह्या रचनेचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०११ नंतर २०२५ पर्यंतच्या एकाही जागतिक स्पर्धेस जमैकाचा १७ वर्षांखालील संघ पात्र ठरू शकला नाही. शालेय हंगाम थोड्या महिन्यांचा असतो, त्यात सामन्यांची दाटी होते, आणि उरलेल्या काळातील प्रशिक्षण विस्कळित राहते. शालेय स्पर्धा ही आवश्यक अट होय. ती पुरेशी अट नव्हे.

३. एक आक्षेप आणि मणिपूरचे उत्तर

येथे एक साधार आक्षेप उपस्थित होतो. जमैका हे स्वतंत्र राष्ट्र आहे. त्याच्या मुलांना राष्ट्रीय संघात येण्यासाठी सत्तावीस लक्षांत निवडून यावे लागते. बुलढाण्याच्या मुलाला मात्र एकशे एकवीस कोटींत. राष्ट्र म्हणून मिळणारी जागा जिल्ह्यास मिळणे शक्य नाही, म्हणून ही तुलनाच अयोग्य होय, असे कोणी म्हणू शकेल.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याची परीक्षा घेण्यास भारतातच एक उदाहरण उपलब्ध आहे. मणिपूर राज्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे २८ लक्ष ५६ हजार, म्हणजे बुलढाण्याहून थोडी अधिक. मणिपूरला आंतरराष्ट्रीय महासंघात जागा नाही. तेथील मुलालाही संपूर्ण भारतातूनच निवडून यावे लागते. असे असता २०१७ साली भारतात भरलेल्या १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेसाठी जो २१ खेळाडूंचा भारतीय संघ निवडला गेला, त्यात ८ खेळाडू मणिपूरचे होते. संघनायक अमरजित सिंह मणिपूरचा होता. कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत भारताचा त्या स्पर्धेतील पहिला व एकमेव गोल करणारा जिक्सन सिंह हाही मणिपूरचाच. तो सामना भारताने २–१ असा गमावला; अमेरिकेविरुद्ध ३–० व घानाविरुद्ध ४–० असेही पराभव पत्करावे लागले. परंतु निवडीचे प्रमाण पाहता मणिपूरचा वाटा त्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट होता.

ह्याउलट सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू त्या संघात होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही त्यात होता. परंतु त्याची जडणघडण महाराष्ट्राच्या मैदानांवर झालेली नव्हती.

मणिपूर हे श्रीमंत राज्य नाही. तेथेही मैदाने पावसाने भिजतात, आणि रस्ते व दळणवळण ह्यांच्या अडचणी बुलढाण्याहून अधिक आहेत. तरी तेथे प्रत्येक वस्तीचा, म्हणजे लैकाईचा, स्वतःचा क्लब असतो. मुले शाळेखेरीज वस्तीसाठीही खेळतात. राजकीय दर्जाचा आक्षेप ह्यामुळे बव्हंशी निकालात निघतो. जमैका व मणिपूर ह्यांत समान असलेली आणि बुलढाण्यात नसलेली प्रमुख गोष्ट कोणती, असे विचारल्यास उत्तर एकच येते : मुलाला घराजवळ, वर्षातून अनेक वेळा, काहीतरी पणास लागलेला सामना खेळावयास मिळणे.

४. बुलढाण्यातील स्थिती : सामन्यांचे गणित

महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धा जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात मोडतो. राज्यात असे आठ क्रीडाविभाग आहेत. फुटबॉलमध्ये ह्याच मार्गाने सुब्रतो चषक स्पर्धेत जाता येते. भारतीय वायुदलाने १९६० साली सुरू केलेल्या ह्या स्पर्धेस एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी ह्यांचे नाव आहे आणि तिची अंतिम फेरी दिल्लीत होत आली आहे. राष्ट्रव्यापी शालेय स्पर्धा म्हणून तिचे महत्त्व निर्विवाद होय.

परंतु खालच्या पायऱ्यांवर सामने सामान्यतः बाद पद्धतीने होतात, आणि येथेच अडचणीचे मूळ आहे. बाद पद्धतीत संघांची संख्या जितकी असेल त्याहून एक कमी इतकेच एकूण सामने होतात. समजा, बुलढाण्याच्या १३ तालुक्यांतून प्रत्येकी ४ शाळा ह्या हिशेबाने ५२ संघ उतरले. बाद पद्धतीने ५१ सामन्यांत स्पर्धा संपेल. प्रत्येक सामन्यात दोन संघ खेळतात, म्हणून संघागणिक सरासरी दोनहून कमी सामने येतील, आणि निम्म्याच्या आसपास संघ पहिलाच सामना हरून घरी जातील. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातील मुलगा पहाटे उठून जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल, एक सामना हरेल आणि सायंकाळच्या एस. टी. ने परत येईल. त्याचे त्या वर्षाचे फुटबॉल तेथेच संपले. ज्या संघाला अधिक अनुभवाची गरज आहे त्यालाच ही पद्धत सर्वांत कमी सामने देते.

आता त्याच ५२ शाळा तालुकावार साखळीत बसवून पाहाव्यात. प्रत्येक तालुक्यातील ४ संघ परस्परांशी दोनदा, एकदा स्वतःच्या व एकदा दुसऱ्याच्या मैदानावर, खेळले तर तालुक्यात १२ सामने होतात व प्रत्येक संघास ६ सामने मिळतात. जिल्ह्यात एकूण १५६ सामने होतात, म्हणजे बाद पद्धतीच्या तिपटीहून अधिक. आणि प्रवास मात्र तालुक्याच्या बाहेर करावा लागत नाही. तेरा तालुक्यांचे विजेते मग जिल्हास्तरावर एकत्र यावेत. खर्च वाढतो तो प्रामुख्याने पंच, चेंडू व अल्पोपाहार ह्यांचा; नव्या क्रीडासंकुलाची त्यासाठी अट नाही. एका संघात १६ मुले धरली तर ८०० हून अधिक मुलांना एका हंगामात प्रत्येकी सहा सामन्यांचा लाभ होऊ शकतो.

मैदानाचा प्रश्न मात्र खरा आहे. पूर्णा नदीचे खोरे व जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा आहे. ह्या मातीतील चिकणद्रव्य पाणी शोषून फुगते व वाळले की आकसते. पावसाळ्यात तीत बूट रुततो, उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात. शालेय फुटबॉलच्या प्राथमिक फेऱ्या बहुधा जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतात, म्हणजे नेमक्या चिखलाच्या दिवसांत. जमैकाचा सुमारे दोनतृतीयांश भाग चुनखडकाचा असल्याने तेथे पाण्याचा निचरा जलद होतो. ही अनुकूलता बुलढाण्यास नाही. उपाय दोन आहेत. मैदानास उतार देऊन व मुरमाचा थर घालून निचऱ्याची सोय करणे हा एक. तालुका साखळीचा हंगाम पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर ते जानेवारी ह्या काळात ठेवणे हा दुसरा आणि कमी खर्चाचा.

५. महाराष्ट्रातील दोन दाखले

नियमित स्पर्धेने काय साधते ह्याचा पुरावा महाराष्ट्राबाहेरच शोधावा लागतो असे नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही पेठापेठांतील मंडळे वर्षानुवर्षे परस्परांशी खेळत आली आहेत आणि शाहू स्टेडियमवरील त्यांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते. कुस्तीसाठी निर्माण झालेल्या संस्थेने परदेशी खेळ आपलासा केला, कारण पेठेची अस्मिता, जागा व वडीलधाऱ्यांची देखरेख ह्या तीन गोष्टी तेथे आधीच होत्या. २०१७ च्या संघात अनिकेत जाधव कोल्हापुरातून यावा ह्यात आश्चर्य नव्हते.

दुसरा दाखला खुद्द बुलढाण्याचा असून तो निराळ्या खेळाचा आहे. ह्या जिल्ह्यातील तिरंदाज प्रथमेश जवकार ह्याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेदरलंड्सच्या माइक श्लोसर ह्या अग्रगण्य तिरंदाजाचा १४९–१४८ असा पराभव केला, आणि त्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अभिषेक वर्मा व ओजस देवतळे ह्यांच्यासह सांघिक सुवर्णपदक मिळविले. घाटावरच्या एका लहान जिल्हानगरातील तरुण जगातील पहिल्या पंक्तीत बसू शकतो, हे ह्यावरून सिद्ध झालेच आहे. येथील मुलांच्या अंगी काही उणे आहे, हा समज अशा दाखल्यापुढे टिकत नाही. तिरंदाजी हा वैयक्तिक खेळ असल्याने एक निष्ठावान केंद्र त्यासाठी पुरते. सांघिक खेळास मात्र एका केंद्राने भागत नाही. त्यास प्रतिस्पर्धी लागतात, आणि तेही जवळचे व नित्याचे.

सप्टेंबर २०१७ मध्ये जागतिक स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्रात दहा लक्ष मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम योजण्यात आला व शाळांतून चेंडू वाटण्यात आले. उत्साह निर्माण करण्याचे काम अशा उपक्रमाने होते. परंतु चेंडू मिळालेल्या शाळेला पुढील शनिवारी खेळावयास दुसरी शाळा मिळाली नाही, तर तो चेंडू लवकरच क्रीडासाहित्याच्या कपाटात जातो.

६. निष्कर्ष

ह्या तुलनेवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. लोकसंख्या व क्षेत्रफळ ह्यांच्या आधारे युवक फुटबॉलमधील यशापयशाचा उलगडा होत नाही, कारण जमैका, मणिपूर व बुलढाणा ह्यांची लोकसंख्या जवळजवळ सारखी असून फलित सर्वस्वी भिन्न आहे. स्वतंत्र राष्ट्राचा दर्जा साहाय्यक ठरतो, परंतु मणिपूरच्या उदाहरणावरून तो अपरिहार्य दिसत नाही. निर्णायक घटक म्हणून उरते ती स्थानिक स्पर्धेची घनता. म्हणजे एका मुलास एका वर्षात घरापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर मिळणाऱ्या सामन्यांची संख्या.

ही घनता मोजता येण्याजोगी आहे, हे अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय. शिक्षणशास्त्र, भूगोल किंवा शारीरिक शिक्षण ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा चार-पाच तालुक्यांतील शाळा घेऊन, त्यांतील प्रत्येक खेळाडू वर्षभरात किती सामने खेळला, त्यासाठी त्याने किती किलोमीटर प्रवास केला आणि पहिल्या पराभवानंतर त्याचे खेळणे चालू राहिले की थांबले, एवढ्याच तीन नोंदी दोन वर्षे ठेवल्या तरी वरील अनुमानाची परीक्षा होऊ शकेल. अनुमान खरे ठरल्यास तालुका साखळीची मागणी आकड्यांच्या आधारे करता येईल. खोटे ठरल्यास दुसरे कारण शोधावे लागेल. दोन्ही परिस्थितींत लाभ त्या मुलाचाच आहे, जो आज एक सामना हरून सायंकाळच्या गाडीने आपल्या गावी परततो.